टफीची दाढ आणि चिंगीचं पाणी

जुळे सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

‘आमच्याकडे १२ वर्षांचा पॉमेरेनियन आहे, टफी. वजन ८ किलो. वर्षभर त्याच्या तोंडाला फार वास येतो. पूर्वी कडक भाकरीचा तुकडा मिटक्या मारत खायचा, आता कुस्करून दुधात कालवली तरच खातो. म्हातारपणी लाड वाढलेत असं आम्ही धरून चाललो. दिवाळीनंतर उजव्या डोळ्याखाली सूज आली, गोळ्यांनी उतरली आणि आता परत आली आहे. डॉक्टर म्हणतात, भूल देऊन दात साफ करू आणि दोन-तीन काढू. घरात सगळ्यांचा विरोध आहे. या वयात भूल सोसणार नाही, आणि खातोय ना, मग राहू दे, असं मिस्टर म्हणतात. सासूबाई मिश्री लावून बघ म्हणतात. शेजारचे सांगतात की मटणाचं हाड दिलं की दात आपोआप साफ होतात. शिवाय आमची चिंगी मांजर, ती १३ वर्षांची. खाणं चांगलं आहे, पण साडेचार किलोवरून ३.२ किलोवर आली आहे, पाणी खूप पिते आणि कट्ट्यावर उडी मारत नाही. तिचं वयच झालंय. टफीचं काय करावं ते सांगा.’

ताई, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. डोळ्याखालची सूज. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक मोठी दाढ असते, मांस-हाड कातरायच्या कामाची. तिला तीन मुळं असतात आणि त्यांची टोकं डोळ्याच्या खालीच येतात. मुळाशी पू झाला की बाहेर गाल सुजतो, कधी तिथून फुटून वाहायला लागतो. लोकांना वाटतं काहीतरी चावलं, किंवा डोळ्याचंच दुखणं आहे. गोळ्यांनी पू आटतो, पण खराब झालेली दाढ जागच्या जागीच राहते, म्हणून गोळ्या बंद झाल्या की काही आठवड्यांनी पुन्हा तेच. तुमच्याकडे हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा नुसत्या गोळ्या देऊन हे मिटणार नाही. क्वचित अशी सूज गाठीचीही असते, तेव्हा दाढ काढण्याआधी त्या जागेचा एक्स-रे जरूर मागा.

आता ‘खातोय ना’ याबद्दल. हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोज कुणी ना कुणी म्हणतं, आणि त्यापायी जनावरं वर्षानुवर्षं दुखणं काढतात. दात दुखतो म्हणून कुत्रं जेवण सोडत नाही. भूक त्या दुखण्याला पुरून उरते. कुत्रं फक्त जेवायची पद्धत बदलतं. एकाच बाजूने चावतं, घास तोंडातून पाडून परत उचलतं, न चावता गिळतं, कोरडं सोडून ओलं मागतं. तोंडात धरून आणायचा चेंडू सोडून देतं. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की मान काढून घेतं. टफीला कुस्करलेली भाकरी लागते हे तुम्ही लाड म्हणून लिहिलंत. मला त्यात ती दाढ दिसते. मांजराचं याहून अवघड. भांड्यापाशी भुकेनं येतं, एक घास घेतं आणि फिस्कारून पळतं. पुढे अंग चाटणं बंद होतं आणि पाठीवर केसांच्या गुठळ्या होतात. लोक म्हणतात आळशी झाली.

तोंडात नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. दातांवर जंतूंचा चिकट थर एका दिवसात बसतो. तो पुसला गेला नाही तर लाळेतल्या क्षारांनी दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, बोअरचं पाणी भरलेल्या बादलीला आतून पांढरं धरतं तसं. हेच किटण. ते पिवळं-तपकिरी दिसतं म्हणून आपण त्यालाच आजार समजतो. खरं नुकसान हिरडीच्या खाली चालू असतं, जिथे आपल्याला दिसत नाही. हिरडी दातापासून सुटते, फटीत जंतू शिरतात, दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. वास त्या जंतूंचा आहे. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ ही समजूत सोडून द्या. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला असा सडका वास येत नाही. आणि याला आपण ‘दात किडले’ म्हणतो तेही तसं नाही. माणसासारखी कीड कुत्र्यांना फार कमी लागते. त्यांचे दात जातात ते हिरड्यांच्या आजाराने.

लहान जातींना हा त्रास जास्त होतो. कुत्रं ग्रेट डेन असो की पॉमेरेनियन, कायमचे दात ४२च. ते एवढ्याशा जबड्यात दाटीवाटीनं बसतात आणि फटीत घाण अडकते. जबड्याचं हाडही पातळ असतं. आजार फार पुढे गेला तर उडी मारताना किंवा हाड चावताना खालचा जबडा मोडल्याची उदाहरणं आहेत. वरच्या सुळ्याच्या मुळाशी भोक पडून तोंड आणि नाक आतून जोडलं जातं, मग एका नाकपुडीतून पाणी, शिंका, कधी रक्त.

दातांतले जंतू रक्तात जाऊन हृदय आणि किडनी खराब करतात असं सर्रास सांगितलं जातं. हिरड्यांचा आजार असलेल्या कुत्र्यांमध्ये हे आजार जास्त दिसतात हे खरं, पण एकामुळेच दुसरा होतो हे पक्कं ठरलेलं नाही. तुम्हाला भीती घालायला मला ते वापरायचं नाही. तोंडातलं दुखणं हे कारण पुरेसं आहे.

मग भूल. तुमच्या मिस्टरांची काळजी खोटी नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकूण कुत्र्यांत मृत्यूचं प्रमाण ०.१७ टक्के होतं, म्हणजे हजारात दोनाहून कमी. अंगात दुसरा मोठा आजार नसलेल्यांत ते ०.०५ टक्के, तर आजारी असलेल्यांत १.३३ टक्के. १२ वर्षांवरच्यांना धोका जास्त होता, हेही त्यात स्पष्ट आहे. त्या नोंदी तिकडच्या दवाखान्यांच्या आहेत, आकडे जसेच्या तसे सोलापूरला लावू नका. पण आजारी आणि निरोगी यांच्यातला फरक किती मोठा आहे ते पाहा. म्हणून टफी १२ वर्षांचा आहे एवढ्यावर नकार देऊ नका. त्याचं हृदय, किडनी, रक्त कसं आहे ते बघून ठरवा.

रक्ताच्या तपासणीत आपल्याकडे एक गोष्ट विशेष बघावी लागते, ती म्हणजे प्लेटलेट. सोलापूर भागात गोचीड ताप भरपूर आहे. कुत्रं वरून ठणठणीत दिसतं, ताप नसतो, पण तो जुना आजार अंगात मुरलेला असतो आणि प्लेटलेट खाली गेलेल्या असतात. अशा कुत्र्याची दाढ काढली तर रक्त थांबता थांबत नाही. टफीच्या अंगावर गेल्या वर्षा-दोन वर्षांत गोचीड दिसली असेल तर डॉक्टरांना सांगाच. बाकी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवी, लिव्हर, साखर. या वयात छातीचा एक्स-रेही.

हृदयासाठी एक काम तुम्ही घरीच करू शकता. टफी गाढ झोपला असताना, पंखा चालू असलेल्या थंड खोलीत, छाती वर-खाली होते ती मिनिटभर मोजा. वर आणि खाली मिळून एक श्वास. तीन-चार रात्री लिहून ठेवा. ३०च्या आत असेल तर ठीक. सतत त्याच्यावर जात असेल, किंवा रात्री खोकला येत असेल, तर भुलीआधी हृदयाचा इको करून घ्या. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हृदयाची झडप गळते, आणि पॉमेरेनियनची श्वासनलिका दबण्याचा त्रासही ओळखीचा आहे. खोकला दोन्हीचा असू शकतो. झडप गळते म्हणून भूल द्यायचीच नाही असं नाही. औषध चालू करून, भुलीची औषधं बदलून बऱ्याच कुत्र्यांचं काम होतं. पण हृदय आकारानं वाढलेलं आणि फुफ्फुसात पाणी धरलेलं असेल, किंवा किडनी पार थकलेली असेल, तर मीही थांबा म्हणेन, आणि मग दुखणं कमी ठेवण्याची औषधं हाच मार्ग उरतो.

डॉक्टरांना संकोच न करता विचारा: श्वासनलिकेत नळी घालणार ना? सलाईन लावणार ना? ऑक्सिजन आहे का, भुलीत नाडी आणि ऑक्सिजन कोण बघत बसणार? नळी फार महत्त्वाची, कारण दात साफ करताना पाणी आणि जंतू तोंडात उडतात, ते फुफ्फुसात जायला नकोत. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि आणखी एक. त्याच ब्रिटिश नोंदींत कुत्र्यांचे जवळपास निम्मे मृत्यू भूल संपल्यानंतरचे होते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांतले. म्हणून टफीनं डोळे उघडले की लगेच रिक्षात घालून घरी आणायची घाई करू नका. तो नीट उभा राहून चालेपर्यंत दवाखान्यातच बसा. सोबत चादर न्या. छोट्या कुत्र्याचं अंग भुलीत पटकन गार पडतं, बाहेर उन्हाळा असला तरी.

भूल न देताच दात साफ करून देणारे लोक आता मोठ्या शहरांत दिसतात. त्यात दाताचा वरचा भाग पांढरा होतो, हिरडीखालचं सगळं तसंच राहतं, आणि घरच्यांना वाटतं झालं काम. मी त्याच्या विरोधात आहे. टफीच्या दाढेला तर त्याचा काही उपयोगच नाही.

दातांचा एक्स-रे काढायची सोय जवळ नसेल तर शिरवळ आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणीचे दवाखाने आहेत, तिथे चौकशी करा. पुण्यातही बघता येईल. १८८६ पासून चालू असलेलं मुंबईचं परळचं महाविद्यालय तर आहेच, पण एवढ्या लांब जायची वेळ टफीवर येईल असं मला वाटत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि मिश्री मात्र लावू देऊ नका. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि कुत्रं थुंकत नाही, सगळं गिळतं. आठ किलोच्या जिवाला निकोटिनची विषबाधा व्हायला फार लागत नाही. लवंगाचं तेलही नको, मांजराला तर अजिबात नको. आपली टूथपेस्टही नको. तिच्यात फ्लोराइड आणि फेस असतो, काहींत झायलिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ असतो, ज्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम कोसळते. दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी अर्धी करून देणारे खूप भेटतात. त्यानं पोटात अल्सर होतो, किडनी जाते. आणि पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

हाडाचं शेजाऱ्यांनी सांगितलं ते बरोबर उलटं आहे. ज्या दाढेबद्दल आपण बोलतोय, ती बहुतेक वेळा हाड चावतानाच चिरफळते, कपचा निघतो, आतली नस उघडी पडते आणि मग मुळाशी पू होतो. टफीच्या बाबतीत तसं झालं असेल का, हे डॉक्टर दाढ बघून सांगतील. शिजवलेल्या हाडाचे तुकडे आतड्यात अडकतात ते वेगळंच. अंगठ्याच्या नखानं दाबून ज्यावर खूण उमटत नाही ती वस्तू कुत्र्याला चघळायला द्यायची नाही, एवढं ध्यानात ठेवा. कडक भाकरीनं दात साफ होतात हाही भ्रम आहे. ती दाताच्या टोकाला लागते आणि मोडते, हिरडीच्या कडेपर्यंत पोचतच नाही. भाकरी द्यायला हरकत नाही, पण शेंगा चटणी लावून नको. त्यातला लसूण कुत्र्या-मांजरांना चालत नाही.

दाढा काढल्यावर खाणार कसा, हा प्रश्न पुढे येईलच. दोन आठवडे मऊ, कोमट खाणं द्या. टाके विरघळणारे असतात. त्यानंतर सगळे दात काढलेली कुत्रीसुद्धा छान जेवतात. आपण त्यांना वाढून देतो, त्यांना शिकार करायची नसते. आणि बऱ्याच घरांत महिन्याभरानं लोक सांगतात की तो परत खेळायला लागला. तेव्हा लक्षात येतं की ज्याला आपण म्हातारपण म्हणत होतो त्यातलं किती तरी दुखणंच होतं.

जखमा भरल्यानंतर घासायला सुरुवात करा, त्याआधी नाही. आधी आठवडाभर बोटाला स्वच्छ मऊ कापड गुंडाळून फक्त ओठाच्या आतून फिरवा, मग कुत्र्यांची पेस्ट आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. तोंड उघडायची गरज नाही. दातांची बाहेरची बाजू आणि हिरडीची कड पुरे. रोज केलं तरच अर्थ आहे, कारण थर दोन-तीन दिवसांत कडक होतो हे वर सांगितलंच. चहा झाल्यावर, फिरून आल्यावर, जी वेळ घरात पक्की असेल तिला हे जोडून टाका. सासूबाईंनीच हे काम हातात घेतलं तर उत्तम.

आणि आता चिंगी. तुम्ही तिच्याबद्दल तीन वाक्यं लिहिलीत आणि वयावर सोडून दिलंत, पण ताई, मला दोघांत तिचीच काळजी जास्त वाटते. साडेचार किलोवरून ३.२ म्हणजे तिनं अंगाचा चौथा हिस्सा तरी गमावला आहे. माणसाच्या बाबतीत आपण इतकं वजन गेलेलं बघून गप्प बसलो नसतो. चांगलं खाऊनही वाळणारं आणि पाणी जास्त पिणारं मांजर म्हटलं की डोळ्यांसमोर आधी मधुमेह आणि थायरॉइड येतात, आणि पाठोपाठ किडनी, जरी किडनीत बहुधा भूक कमी होते. किडनीचं दुखणं फार उशिरा कळतं. जवळपास दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत लघवी पातळ होत नाही, आणि साध्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसायला त्याहूनही उशीर होतो.

ती किती पाणी पिते ते मोजा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरात पिंप-बादल्या भरलेल्या असतात आणि मांजरं तिथूनच पितात. एक दिवस सगळ्यांवर झाकण ठेवा. तिच्या भांड्यात अर्धा लिटर मोजून ओता, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. उन्हाळा असेल तर शेजारी जाळीखाली तसंच दुसरं भांडं ठेवा, त्यातलं जेवढं घटेल तेवढी वाफ म्हणून वजा करा. टफीला त्या भांड्यापासून लांब बांधा. किलोमागे ५० मिली ही वरची सीमा धरतात, म्हणजे चिंगीसाठी १६० मिली. दूध किंवा ओलं खाणं खात असेल तर एवढंही लागायला नको.

उडी न मारण्याचं कारण सांध्यांची झीज असू शकतं. १२ वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत ती दिसते. कट्ट्याखाली एक स्टूल ठेवा आणि गुळगुळीत फरशीवर सोलापुरी चादरीची घडी अंथरा, टफीलाही तिचा उपयोग होईल. पण चालताना मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवते का, हेही बघा. मधुमेहात काही मांजरं तशी चालतात. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात मांजर चालून दाखवत नाही. मधुमेह निघाला तर घाबरू नका. लवकर इन्सुलिन आणि योग्य आहार चालू झाला तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंसुद्धा. रक्तदाबही मोजायला सांगा. तो वाढलेला राहिला तर म्हाताऱ्या मांजरांची दृष्टी एका दिवसात जाऊ शकते.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात आधी चिंगीला न्या. मोजलेलं पाणी, व्हिडिओ आणि जमलं तर ताजी लघवी बाटलीत घेऊन. साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि लघवी, एवढं तरी करून घ्या, आणि तोंडही उघडून बघायला सांगा. त्याच फेरीत टफीचं रक्त द्या. त्याच्या दाढेला रिपोर्ट येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबता येईल, तोवर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका. मात्र सूज वाढली, त्यानं तो डोळा मिटून घेतला किंवा खाणं खरंच सोडलं, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.